सासरे उठेनात

१

"चार ओळी लिहा, सही करा आणि चहा घ्या," रुग्णालयाचे व्यवस्थापक साहेब म्हणाले.

चहाला माझी ना नव्हती. पण त्या चार ओळी त्यांनी आधीच टाइप करून ठेवल्या होत्या, आणि त्या वाचताना माझं डोकं तापत गेलं. 'बॉयलरवरील फायरमनने कामाच्या वेळेत नातेवाईक जमवून जेवणावळ घातली. भट्टीकडे दुर्लक्ष केले. वाफेचा दाब पडल्याने शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक झाली नाहीत. त्यामुळे एकोणीस वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला.' खाली तपासनीस म्हणून माझं नाव आणि सहीसाठी एक रेघ.

पस्तीस वर्षं मी बॉयलर तपासले. खात्यात मला पाठीमागे 'सेफ्टी वॉल्व्ह' म्हणायचे, कारण दाब चढला की मी मोठ्याने सुटते. निवृत्त झाल्यावर स्वभाव निवळेल असं सगळ्यांना वाटलं होतं. मलाही.

"फायरमनचं काय म्हणणं आहे?" मी विचारलं.

"तो काय म्हणणार? ऑपरेशनच्याच सकाळी भट्टीसमोर कोसळला, डॉक्टरांच्या अंदाजाने पावणेदहाला. हार्ट. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात," साहेब म्हणाले, आणि पुढची दहा मिनिटं वाईटच बोलले. मग त्यांनी फायरमनच्या रोजच्या नोंदवहीतल्या त्या दिवसाच्या पानाची टाइप केलेली नक्कल माझ्यापुढे सरकवली.

'४.५० मावशी जेवली.
५.१० बाई जेवल्या.
५.४० सासरे आले.
६.३० सासरे उठेनात. डॉक्टर उपाशी.
७.१५ आणखी सहा पोती. सगळं सासऱ्यांच्याच घशात.
८.०० साहेबांना दुसरा फोन. सासऱ्यांना उठवा म्हटलं.
९.२० डॉक्टर अर्धपोटी.'

"स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय," साहेब म्हणाले. त्यांना ते पान फारच आवडलेलं दिसत होतं. "मावशी काय, बाई काय, सासरे काय! आमच्या एका डॉक्टरलाही जेवायला बोलावलं होतं म्हणे. आणि मला फोन करून सांगतोय, सासरे उठत नाहीत. मी म्हटलं, अकराला उठतील, तोवर सांभाळून घे. दारुड्याशी दुसरं काय बोलणार?"

"मूळ वही कुठे आहे?"

"कपाटात, कुलपात. पुरावा आहे तो. चार वाजता मंडळाची बैठक आहे, तिथे बघा. सही तेव्हाच द्या हवी तर."

मी बॉयलरघराची किल्ली मागून घेतली. चहा टेबलावरच राहिला.

२

अपघाताच्या दिवसापासून, म्हणजे नऊ दिवस, बॉयलरघराला सील होतं. माझ्या दृष्टीने हे बरंच झालं. झाडलोट झाली नव्हती.

रुग्णालयाच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड, आत माणसाएवढ्या उंचीचा आडवा बॉयलर. जळण म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या कांड्या, पंचवीस किलोचं एकेक पोतं. कोपऱ्यात रिकाम्या पोत्यांच्या घड्या नीट रचलेल्या होत्या. मी मोजल्या. अठ्ठावीस.

"रोज सकाळी सोळा लागतात," स्टोअरकीपर दारातूनच म्हणाला. हा लांबट मानेचा, सतत दुखावलेला गृहस्थ. "त्या दिवशी फायरमनकाकांनी अठ्ठावीस नेली. साहेब म्हणतात, कुठेतरी ओतली असतील आणि रिकामी पोती दाखवायला ठेवली असतील. काही जण म्हणतात, माझा मालच ओला होता. मला सांगा, मी काय पोत्यांवर पाणी मारतो?"

"मारत असाल तर कळेलच," मी म्हणाले.

ओलं जळण हा जुना रोग आहे. ओल्या लाकडातली निम्मी उष्णता त्यातलंच पाणी उडवण्यात खर्च होते आणि बॉयलर थंडच राहतो. उरलेल्या पोत्यांतल्या एका पोत्यातून मी बरोबर शंभर ग्रॅम कांडी काढली, स्वयंपाकघरातल्या भट्टीत मंद आचेवर ठेवायला दिली. दोन तासांनी पुन्हा तोलली तर ब्याण्णव भरली. शंभरात आठ पाणी. जळण ठणठणीत कोरडं होतं. स्टोअरकीपरने माझ्यासमोर रुमालाने मान पुसली.

मधल्या वेळात मी भट्टीचं खालचं दार उघडून राख उपसली. पिठासारखी फिकट राख होती, अर्धवट जळलेला एकही काळा तुकडा नाही. तोलली तर चौदा किलो. या जळणाची राख शंभराला दोन किलो पडते. म्हणजे सातशे किलो जळलं होतं, म्हणजे अठ्ठावीस पोती. एकही कुठे ओतलेलं नव्हतं.

बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या नळावर मीटर होता. शेजारी भिंतीवर काका रोजचे आकडे खडूने लिहीत. रोज सकाळी सतराशे लिटर. त्या दिवशीचा आकडा लिहायला काका उरलेच नव्हते, पण मीटरवरून वजाबाकी केली. दोन हजार नऊशे ऐंशी.

मला राग आला की मी गणित करते, त्याने डोकं ताळ्यावर राहतं. रोज चारशे किलो जळणावर सतराशे लिटर, किलोमागे सव्वाचार. त्या दिवशी सातशे किलोवर सव्वाचारनेच किती होतात? दोन हजार नऊशे पंचाहत्तर. लाकडात कोंडलेली उष्णता जळताना मोकळी होते, पण मोकळी झाली म्हणून हवेत विरून नाहीशी होत नाही. ती पाण्यात शिरते, त्याची वाफ करते, आणि वाफ तिला पाइपातून जिथे नेईल तिथे जाते. काकांनी आग विझू दिली नव्हती. त्यांनी रोजच्या पावणेदोनपट वाफ केली होती.

मग ती गेली कुठे?

बॉयलरच्या डोक्यावरून चार नळ निघत होते. तिघांना रंग दिलेला होता. एक स्वयंपाकघराकडे, एक धुलाईकडे, एक हत्यारं निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हकडे. चौथा जाडजूड, गंजलेला. "तो जुन्या वॉर्डाचा," स्टोअरकीपर म्हणाला. "वॉर्ड बंद पडून बारा वर्षं झाली. तेव्हापासून बंदच."

बारा वर्षं बंद असलेल्या वॉल्व्हच्या चाकावर मात्र ताजे चकचकीत ओरखडे होते. खाली पडलेल्या फावड्याची एक कड आत वाकलेली होती.

३

फायरमनची बायको, सगळ्यांची काकू, आवारातल्याच दोन खोल्यांत राहत होती. दारावर कुणीतरी कोळशाने 'खुनी' असं लिहिलं होतं. काकूने ते पुसायचा प्रयत्न केलेला दिसत होता. नुसताच काळा फराटा झाला होता.

"तुम्ही पण दारूचंच विचारायला आलात का?" ती म्हणाली. "विचारा. एकोणतीस वर्षांच्या संसारात सर्दीचं औषध सोडलं तर त्यांनी काही घेतलं नाही. पण मला कोण विचारतंय? सरळ सांगून मोकळे झाले."

"चौकशी समितीने तुम्हाला बोलावलंच नाही?"

"एक कागद आला. खोल्या रिकाम्या करा म्हणून."

मी तिला नक्कल दाखवली नाही. आधी एकच प्रश्न विचारला. "त्या दिवशी पहाटे तुमचे वडील इथे आले होते का?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "माझे वडील? ताई, मी सहा महिन्यांची होते तेव्हा गेले ते. आमच्या लग्नात त्यांचा फोटो होता खुर्चीवर."

मी काही बोलायच्या आत तिनेच विचारलं, "का हो? कोण आलं होतं?"

रागाने माझे कान गरम झाले. चौकशी समितीची पाच शहाणी माणसं एका टेबलाभोवती बसली होती. एका माणसावर सासऱ्याला जेवू घालून पोरीचा जीव घेतल्याचा ठपका ठेवला होता. आणि त्या माणसाला सासरा आहे का, हे एकानेही विचारलं नव्हतं.

४

ऑटोक्लेव्हची सिस्टर प्रश्नाआधीच रडायला लागली. मी तिला रडू दिलं नाही. माझ्याकडे वेळ नव्हता.

"पट्टी कशी आली होती?"

हत्यारांच्या प्रत्येक गाठोड्यावर कागदी पट्टी चिकटवतात. पुरेशी उष्णता पुरेसा वेळ मिळाली की तिच्यावरच्या रेघा काळ्याकुट्ट होतात.

"चहासारखी," ती म्हणाली. "साडेसहापासून दाब चढतच नव्हता. मी काकांना फोन केला. धापा टाकत होते. म्हणाले, 'सिस्टर, सासरे उरावर बसलेत, जरा कळ काढा.' मला वाटलं, घरचं काहीतरी असेल. मी कशाला नाक खुपसू? नऊ वीसला थोडा दाब आला. पट्टी निघाली चहासारखी. मी म्हटलं, ऑपरेशनची यादी पुढे ढकला. साहेब दारातच उभे होते. म्हणाले, 'अकराला पाहुणे येणार, त्याआधी ऑपरेशन थिएटर मोकळं पाहिजे. पट्टी ठीक आहे, चला.'"

"आणि तुम्ही चाललात."

"चालले," ती म्हणाली. तिने डोळे पुसले नाहीत. "हे लिहा तुम्ही. माझंही लिहा."

ते मी लिहिलं. तिची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

"पाहुणे कसले?"

"नव्या सभागृहाचं उद्घाटन होतं ना त्या दिवशी. फीत कापायची होती."

"नवं सभागृह कुठे आहे?"

"नवं म्हणजे," सिस्टर म्हणाली, "जुना वॉर्डच हो. गिलावा, रंग करून घेतला."

५

सभागृहात जाण्याआधी मी धुलाईत गेले. तिथली बाई, जिला सगळे नुसतं 'बाई' म्हणत, हीच त्या मेलेल्या पोरीची आई होती. अपेंडिक्स, साधं ऑपरेशन. पाचव्या दिवशी जखमेचं विष अंगभर पसरून पोर गेली. आज बाई कामावर आली होती, कारण घरात बसवत नव्हतं. थंड मशीनसमोर ती चादरींच्या घड्या घालत बसली होती.

"त्या माणसाचं नाव माझ्यासमोर काढू नका," ती म्हणाली. "वीस वर्षं मी त्यांना भाऊ मानत आले. पोरीला खांद्यावर घेऊन फिरवायचे. आणि ऐन वेळी जेवत बसले."

"दारावर तुम्ही लिहिलंत?"

"मीच लिहिलं. पुन्हा लिहीन."

"लिहा. त्याआधी एवढं ऐका." मी नक्कल वाचायला लागले. "४.५० मावशी जेवली. ५.१० बाई जेवल्या."

"काय?" ती ताडकन उठली. "बाई म्हणजे मी? मी जेवले? आदल्या रात्रीपासून मी पोरीच्या उशाशी होते! पाण्याचा घोट घेतला नव्हता! मेला तो मेला, वर माझ्यावर खोटं..."

ती तिथेच थांबली. हातातली चादर खाली पडली.

"पुन्हा वाचा," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं.

"जेवल्या," ती सावकाश म्हणाली. "अहो, ते तसंच ओरडायचे. रोज. 'बाई जेवल्या!' म्हणजे माझ्या मशीनला वाफ देऊन झाली, मी सुरू करायचं. ही काकांची बोली होती. नळांना नावं ठेवली होती त्यांनी. स्वयंपाकघर म्हणजे मावशी. मी बाई. ऑटोक्लेव्ह म्हणजे डॉक्टर."

"आणि सासरे?"

"सासरे तर कधीच गेले की. तो जुन्या वॉर्डाचा नळ. कितीही वाढा, पोट भरत नाही, वर तोंड वाकडं, म्हणून सासरे. तो बंद झाला तेव्हा काकांनी आम्हा सगळ्यांना पेढे..." ती अडखळली. "पाच चाळीसला सासरे आले, असं लिहिलंय? सासरे कसे येतील? कुणी उघडला तो नळ?"

चार नावांचं कोडं होतं. आवारातल्या कुणाही कामकरी माणसाला दाखवलं असतं तर एका मिनिटात सुटलं असतं. ते फक्त त्यांनाच दाखवलं नव्हतं.

"चला माझ्याबरोबर," मी म्हणाले.

६

सभागृहाच्या भिंती पांढऱ्याशुभ्र आणि कोरड्या खडखडीत होत्या. जवळून पाहिलं तर गिलाव्याला केसासारख्या बारीक भेगांचं जाळं पडलेलं. इतका जाड गिलावा आपणहून वाळायला तीन आठवडे लागतात. घाईने, कोंडलेल्या गरमीत वाळवला की असा तडकतो. भिंतीलगतच्या, वाफेने खोली तापवणाऱ्या लोखंडी नळ्यांमागचा रंग फुगून पापडासारखा सुटला होता.

रुग्णालयाचा फिटर शिडीवर चढून भेगा बुजवत होता. बाईला पाहून त्याने मान फिरवली.

"खाली उतर," मी म्हणाले. "वॉल्व्ह कुणी उघडला?"

"मॅडम, मला नोकरी आहे."

"माझ्या पोरीला एकोणीसच वर्षं झाली होती रे," बाई म्हणाली. आवाज अगदी साधा होता.

तो उतरला. खालच्याच पायरीवर बसला. "साहेबांनी सांगितलं. गिलावा ओला होता, पाहुण्यांच्या कपड्यांना रंग लागला असता. काका म्हणाले होते, हा बॉयलर दोघांना पुरणार नाही, सासऱ्यांना वाढलं तर डॉक्टर उपाशी राहील. साहेब हसले होते त्यावर. मग मला म्हणाले, उघड आणि चाकाला साखळी घाल, नाहीतर म्हातारा बंद करेल. कुलपाची किल्ली त्यांनी स्वतःच्या खिशात घातली. अकराला पाहुणे बसले तेव्हा मला दिली, म्हणाले, आता बंद कर. मी गेलो तर काका..."

पुढचं मला माहीत होतं. वाकलेलं फावडं आणि चाकावरचे ओरखडे. काकांनी साखळी तोडून पाहिली होती. तुटली नाही, तेव्हा एकच उपाय उरला होता. सासऱ्यांचं पोट भरून डॉक्टरसाठी काही उरेल इतकं जाळायचं. साठीच्या माणसाने पाच तासांत सातशे किलो फावड्याने आत ढकललं होतं.

७

चार वाजता मंडळाची पाच माणसं बसली होती. साहेबांनी मूळ वही टेबलाच्या मधोमध ठेवली, तीच ती, निळ्या पुठ्ठ्याची. बाई दाराशी उभी राहिली. तिला बसायला कुणी सांगितलं नाही, मीच खुर्ची ओढून दिली.

"सही झाली का?" साहेबांनी विचारलं.

"एका शब्दासाठी अडलीय. फायरमनचा फोन आला तेव्हा तुम्ही काय म्हणालात, ते मंडळाला सांगता का?"

"सांगितलंय की सकाळी. सासरे उठत नाहीत म्हणाला. मी म्हटलं, अकराला उठतील."

"अकराच का?"

"म्हणजे?"

"दुसऱ्याच्या घरचा पाहुणा केव्हा उठेल हे तुम्हाला कसं कळलं? साडेदहा नाही, बारा नाही. बरोबर अकरा. त्या फायरमनला सासरा नव्हता, साहेब. त्याची बायको सहा महिन्यांची असताना तो वारला. मग अकराला उठणारे ते सासरे कोण, आणि त्यांच्या कुलपाची किल्ली कुणाच्या खिशात होती?"

साहेबांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष वहीकडे बघत होते.

मग मी सुटले. राख, पाणी, ओरखडे, भेगा, पट्टी, सगळं एका दमात सांगितलं. फिटर दारात येऊन उभा राहिला होता, सिस्टर त्याच्या मागे. दोघांनी आपापलं सांगितलं. "सातशे किलो लाकडातली उष्णता हरवली म्हणून तुम्ही एका मेलेल्या माणसाला चोर ठरवलंत," मी म्हणाले. "ती हरवलेली नाही. त्या भिंतींत आहे. तुम्ही तिथे फीत कापलीत, टाळ्या वाजवल्यात, तेव्हा तुमची पाठ ज्या उबेने शेकत होती ती त्या पोरीच्या हत्यारांची होती. आणि या माणसाला ते माहीत होतं. त्याला दोनदा फोनवर सांगितलं होतं. हे पान त्याने फाडलं नाही, कारण तुम्ही ते तसंच वाचाल याची त्याला खात्री होती."

"ही वेड्यासारखी भाषा..." साहेब म्हणाले. "असं लिहितं का कुणी नोंदवहीत?"

"लिहितं," बाई म्हणाली. ती उठून टेबलापाशी आली. तिने वही जवळ ओढली तेव्हा कुणी अडवलं नाही. बोट ठेवून एकेक ओळ वाचत ती शेवटपर्यंत गेली. 'डॉक्टर अर्धपोटी.' पान तिथे संपत होतं. नक्कलही तिथेच संपत होती.

तिने पान उलटलं.

नऊ दिवस ती वही कपाटात होती, समितीने ती पाहिली होती, टाइपिस्टने उतरवली होती. पान उलटायची तसदी कुणी घेतली नव्हती. मीही सकाळी एकदा विचारून विषय सोडून दिला होता, आणि याचा राग मला अजून आहे. पलीकडे घामाच्या डागात, वेड्यावाकड्या अक्षरात एकच नोंद होती. बाईने ती मोठ्याने वाचली.

"९.४०. आज बाईंची पोर टेबलावर आहे. डॉक्टरला पोटभर देणारच. आणखी पोती घेतो."

बाईने वही मिटली आणि छातीशी धरली. अध्यक्ष म्हणाले, "तो पुरावा आहे, बाई, इथेच ठेवावा लागेल."

"ठेवते," ती म्हणाली. "आधी काकूला वाचून दाखवते."

मी टाइप केलेला कागद फाडला आणि कोऱ्या कागदावर लिहायला बसले. चार ओळींत मावलं नाही, दिवे लागेपर्यंत लिहीत होते. सही करून बाहेर पडले तेव्हा काकूच्या दाराशी बादली होती. बाई गुडघ्यांवर बसून, धुलाईतला जाड ब्रश घेऊन दार घासत होती. काकू शेजारी बसून पाणी ओतत होती.